मुक्त म्हणजे निनावी नव्हे : विकिपीडिया आणि श्रेयनिर्देश

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्या तपासताना शेवटच्या पानावर एक ओळ हमखास वाचायला मिळते : ‘माहिती व चित्रे – गूगलच्या सौजन्याने.’ ओळ नम्रपणे लिहिलेली असते, पण तिच्यातून काहीच कळत नाही. गूगल शोधून देतो, लिहीत नाही. ग्रंथालयाच्या कपाटाचे आभार मानायचे आणि ग्रंथकाराचे नाव गाळायचे, तसा हा प्रकार. आता हीच ओळ स्मरणिकांत आणि पर्यटनपुस्तिकांतही दिसू लागली आहे. दुसऱ्या बाजूने, आपल्यातले काही शिक्षक आणि लेखक मराठी विकिपीडियावर लिहू लागले आहेत. इतरत्र मुक्तपणे उपलब्ध असलेला मजकूर तिथे आणताना मूळ लेखकाचे नाव कसे आणि कुठे द्यायचे, हा प्रश्न ते मला विचारतात. त्याचे उत्तर एकदा सविस्तर मांडावे, म्हणून हा लेख.

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला आणि १ मे २००३ रोजी मराठीत. त्यातला मजकूर २०२३ पासून ‘क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए ४.०’ या परवान्याखाली आहे. त्यापूर्वी याच परवान्याची ३.० ही आवृत्ती लागू होती. या परवान्याने कुणालाही मजकूर घेण्याची, बदलण्याची, भाषांतर करण्याची, एवढेच नव्हे तर पुस्तकात घालून विकण्याचीही मुभा मिळते. अटी मुख्यतः दोन. ‘बाय’ म्हणजे कर्त्याचे नाव सांगा. ‘एसए’ म्हणजे तुम्ही बदल करून जे तयार कराल, तेही याच परवान्याखाली इतरांना द्या. इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मुक्त परवाना देणारा आपला कॉपीराइट सोडून देत नाही. उलट, कॉपीराइट त्याच्याकडे आहे म्हणूनच तो अट घालू शकतो. अट मोडली की परवानगीही संपते. आवृत्ती ४.० मध्ये एवढीच सवलत आहे की, चूक कळल्यापासून ३० दिवसांत ती दुरुस्त केली तर परवानगी आपोआप पुन्हा मिळते.

मग विकिपीडियावर काय आणता येते? आपल्यासमोरच्या साहित्याचे तीन गट करावेत.

पहिला, हक्काची मुदत संपलेले साहित्य. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. ज्ञानकोशकार केतकर १९३७ साली गेले. त्यांच्या स्वतःच्या लेखनावरचा हक्क केव्हाच संपला. अ. का. प्रियोळकर १९७३ साली गेले, म्हणजे त्यांचे लेखन २०३३ अखेरपर्यंत संरक्षित आहे. बाकीबाब बोरकरांचे निधन १९८४चे, म्हणून त्यांचे लेखन २०४४ अखेरपर्यंत. दुसरा गट मुक्त परवान्याने दिलेल्या साहित्याचा. तिसरा गट नुसता वाचायला मोफत असलेल्या साहित्याचा, आणि घोटाळा होतो तो इथेच. संकेतस्थळावर एखादा ग्रंथ विनामूल्य वाचता येतो, याचा अर्थ तो उचलून दुसरीकडे ठेवायला परवानगी आहे असा होत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचेही सगळे परवाने चालत नाहीत. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापरास मनाई आणि ‘एनडी’ म्हणजे बदलास मनाई. ही अक्षरे असलेला मजकूर विकिपीडियावर आणता येत नाही.

दुसऱ्या गटाचे उत्तम उदाहरण गोव्यातच आहे. गोवा विद्यापीठाने आपला चार खंडांचा ‘कोंकणी विश्वकोश’ २०१३ साली क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए परवान्याखाली खुला केला. गोव्यातल्या गावांवर, देवस्थानांवर, लोककलांवर मराठीत नोंदी लिहिणाऱ्यांना तो उपयोगाचा आहे. लिपी देवनागरी, विषय आपल्या परिसराचा. आता समजा, त्यातली एखादी नोंद कुणी मराठीत आणून विकिपीडियावर ठेवली. भाषांतर झाले म्हणून ती नोंद भाषांतरकाराची होत नाही. कोंकणी आणि मराठी इतक्या जवळच्या की, काही वाक्ये चार शब्द बदलले तरी मराठी वाटतील. म्हणूनच इथे अधिक काटेकोर राहायला हवे.

माझ्या अनुभवात सर्वांत मोठा गोंधळ संदर्भ आणि श्रेय यांच्यात होतो. आपण प्राध्यापक मंडळी संदर्भ देण्यात तरबेज असतो, त्यामुळे तळटीप दिली की काम झाले असे वाटते. संदर्भ सांगतो की हे विधान कशाच्या आधारे केले आहे. श्रेय सांगते की ही वाक्यरचना कुणाची आहे. विश्वकोशातून केवळ माहिती घेतली आणि ती स्वतःच्या शब्दांत मांडली, तर संदर्भ पुरेसा आहे. वाक्ये घेतली किंवा भाषांतरित केली, तर संदर्भाबरोबर श्रेयही हवे, कारण नुसत्या तळटिपेवरून वाचक वाक्ये तुमचीच समजणार. हक्क संपलेल्या लेखनाला परवान्याची अट नसते, तरी तिथेही मूळ लेखकाचे नाव सांगावे, हा विकिपीडियाचा संकेत आहे.

प्रत्यक्षात करायचे ते फारसे अवघड नाही. बाहेरचा मुक्त मजकूर आणला, तर लेखाच्या तळाशी स्पष्ट नोंद करावी : ‘या लेखातील काही मजकूर अमुक ग्रंथाच्या अमुक नोंदीवरून, अमुक परवान्यानुसार घेतला असून त्यात बदल केले आहेत.’ शक्य तिथे मूळ पानाचा आणि परवान्याचा दुवा जोडावा. मजकूर दुसऱ्या भाषेतल्या विकिपीडियावरून आणला असेल, तर ‘बदलांचा आढावा’ या चौकटीत मूळ लेखाचा दुवा देऊन ‘भाषांतर’ असे लिहावे आणि चर्चा पानावरही तशी नोंद ठेवावी. प्रत्येक लेखाच्या ‘इतिहास’ पानावर कुणी कधी काय लिहिले हे राहते, म्हणून दुवा दिला की मूळ लेखकांपर्यंतची वाट शिल्लक राहते. दुवा न देता मजकूर चिकटवला, तर इतिहासात लेखक म्हणून चिकटवणाऱ्याचेच नाव उमटते.

छायाचित्रांची गोष्ट थोडी वेगळी. विकिपीडियावर चित्राखाली छायाचित्रकाराचे नाव सहसा नसते, कारण चित्रावर टिचकी मारली की त्याचे माहितीपान उघडते. छापील कागदावर टिचकी मारता येत नाही, तेव्हा तिथे नाव छापलेच पाहिजे. शिवाय लेखाचा परवाना आणि चित्राचा परवाना एकच असेल असे नाही. प्रत्येक चित्राचे पान वेगळे पाहावे. चित्राखाली कर्त्याचे नाव, ‘विकिमीडिया कॉमन्स’, परवाना आणि ‘मूळ चित्र कातरले आहे’ अशी बदलाची नोंद, एवढी एक ओळ पुरते.

माझ्या एका विद्यार्थिनीने आपल्या गावच्या शिगम्यातल्या रोमटाचे छायाचित्र कॉमन्सवर दिले होते. एका स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर ते छापून आले. आत कुठेही तिचे नाव नव्हते. ती मला म्हणाली, “सर, मी ते फुकटच दिलं होतं ना? मग तक्रार कसली करू?” मी तिला सांगितले की, तू पैसे सोडलेस, नाव सोडलेले नाहीस. आपल्या कायद्याचे ५७वे कलमही हेच म्हणते : हक्क दुसऱ्याला देऊन टाकले तरी ‘ही कृती माझी’ असे सांगण्याचा लेखकाचा अधिकार उरतो.

मराठीला ही शिस्त परकी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा ग्रंथ कुणाचा, आपण काय केले आणि कधी केले, हे शेवटी नोंदवून ठेवले. पुढच्यांनी त्यात स्वतःच्या ओव्या घालू नयेत असेही बजावले. आजचा परवाना बदल करू देतो, पण मूळ कुणाचे आणि बदल कुणाचा हे वेगळे दिसावे, हा आग्रह तोच आहे.

बृहन्महाराष्ट्रातल्या आपल्या संस्थांच्या कपाटांत जुने अंक, स्मरणिका, स्थानिक इतिहासाच्या पुस्तिका पडून आहेत. त्या खुल्या करा असे सुचवले की पदाधिकाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, “मग आमच्या लेखकांचं नाव राहील का?” या प्रश्नाला ‘हो’ म्हणता आले, तरच ती कपाटे उघडतील. आणि ते ‘हो’ कायद्याच्या कलमापेक्षा आपण आज विकिपीडियावर आणि आपल्या छापील अंकांत श्रेयाची ती एक ओळ लिहितो की नाही, यावर अधिक अवलंबून आहे.