प्रिंटर बोलेना, स्कॅनर दिसेना : ड्रायव्हरचे दुखणे आणि त्यावरचा इलाज

बदलापूर पश्चिमेच्या बेलवलीत असो की अंबरनाथ-उल्हासनगरच्या एखाद्या गल्लीत, झेरॉक्स काढून देणे आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणे हा आज होतकरू तरुणांचा एक चालता धंदा आहे. भांडवल फार लागत नाही. एक संगणक, एक लेसर प्रिंटर, एक स्कॅनर आणि आधारवर पैसे काढून देण्याचे काम करत असल्यास बोटांचे ठसे घेणारे यंत्र, एवढ्यावर दुकान उभे राहते. पण एखाद्या सकाळी संगणक सुरू होतो आणि प्रिंटर काही केल्या कागद ओढत नाही. विंडोज नवे टाकले की स्कॅनर दिसेनासा होतो. दुकानदार म्हणतो, मशीन गेले. मग दुकान बंद ठेवून दादर गाठायचे, तेथून लॅमिंग्टन रोडला जायचे आणि नवे यंत्र घेऊन यायचे. वास्तविक अनेकदा यंत्र धडधाकट असते. बिघडलेला असतो तो ड्रायव्हर.

हा प्रश्न केवळ दुकानदाराच्या कमाईचा नाही. २०२५ सालचेच उदाहरण घ्या. वक्फ कायद्यातील दुरुस्तीनंतर ६ जून २०२५ रोजी उमीद पोर्टल सुरू झाले आणि मशिदी, दर्गे, कब्रस्ताने यांच्या मिळकतींची नोंद कागदपत्रांसह सहा महिन्यांत त्यावर करण्याची सक्ती आली. जुनी वक्फनामे, सात-बारा, ठराव, सारे स्कॅन करून चढवायचे. अशा मुदतीच्या कामात शेवटच्या आठवड्यात स्कॅनर मुका झाला तर नुकसान कोणा एकाचे राहत नाही. शिष्यवृत्तीचे अर्ज आणि अकरावीचे प्रवेश यांचीही तीच गत.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. विंडोजची भाषा वेगळी, प्रिंटरची वेगळी. एकाचे म्हणणे दुसऱ्याला समजावून सांगणारा छोटा प्रोग्राम तो ड्रायव्हर. मात्र हा दुभाषा साधासुधा नाही. अनेक ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात बसून काम करतात, त्यामुळे तेथे चूक झाली तर सारा संगणकच आडवा होतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेट फाइलमुळे तिचा गाभ्यात चालणारा ड्रायव्हर कोसळला आणि जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून थांबले. आपल्याकडील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. म्हणूनच वाटेल तेथून ड्रायव्हर उतरवून घेणे धोक्याचे आहे. त्याविषयी पुढे येईलच.

आधी नाडी पाहावी

इलाजापूर्वी निदान हवे. विंडोजची खूण असलेली कळ आणि एक्स ही कळ एकत्र दाबली की यादी उघडते. तीत डिव्हाइस मॅनेजर निवडावा. ज्या यंत्राशेजारी पिवळा त्रिकोण दिसेल त्यावर दोनदा टिचकी मारली की एक आकडा मिळतो. २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. ३९ म्हणजे ड्रायव्हरची फाइल खराब झाली किंवा हरवली. ५२ म्हणजे ड्रायव्हरवरील कंपनीची डिजिटल सही विंडोजला पटत नाही. १० म्हणजे यंत्र सुरू होऊ शकले नाही आणि ४३ म्हणजे यंत्रानेच तक्रार केल्यामुळे विंडोजने त्याला थांबवले. पहिल्या तिघांत दोष ड्रायव्हरचा असतो. शेवटच्या दोघांत ड्रायव्हर बदलून पाहावा खरा, पण केबल, यूएसबीचे भोक आणि खुद्द यंत्र यांवरही संशय घ्यावा. केबल लावल्यावर वा काढल्यावर यादीत काहीच हालचाल होत नसेल तर ड्रायव्हरच्या मागे लागून तास घालवू नये. आधी दुसरी केबल लावून पाहावी. संगणकाच्या मागच्या बाजूचे भोक पुढच्यापेक्षा भरवशाचे असते.

कधी यंत्राचे नावच दिसत नाही, नुसते 'अननोन डिव्हाइस' असे येते. तेव्हा त्याच खिडकीत डिटेल्समध्ये जाऊन हार्डवेअर आयडी पाहावा. त्यात व्हीआयडी आणि पीआयडी असे दोन आकडे असतात. पहिला कंपनीचा, दुसरा मालाचा. ०३एफ० असल्यास एचपी, ०४ए९ असल्यास कॅनॉन, ०४बी८ असल्यास एप्सन. डब्यावरचे नाव पुसले गेले असले तरी हा आकडा सहसा खरे सांगतो. मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉग या अधिकृत संकेतस्थळावर हाच आकडा टाकून ड्रायव्हर शोधता येतो.

कोणता ड्रायव्हर, कोठून?

दोन गोष्टी आधी कागदावर लिहून घ्याव्यात : विंडोज कोणते आणि ते ३२ बिटचे की ६४ बिटचे. सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट येथे दोन्ही दिसतात. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. त्यामुळे ज्या जुन्या यंत्राचा ड्रायव्हर कंपनीने ३२ बिटमध्येच ठेवला, ते यंत्र विंडोज ११ वर सहसा चालत नाही. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून अनेकांनी घाईने विंडोज ११ टाकले आणि नंतर त्यांना हा शोध लागला. टाकण्याआधी कंपनीच्या पानावर आपल्या मॉडेलचे नाव घालून पाहिले असते तर खर्च वाचला असता.

ड्रायव्हर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. गुगलवर शोधले की सर्वांत वर जे येते ते पुष्कळदा जाहिरात असते. तेथे पान हुबेहूब कंपनीसारखे, पण ड्रायव्हर मात्र काही उतरत नाही. शेवटी 'त्रुटी आली, या नंबरवर फोन करा' असे झळकते. फोन उचलणारा गोड बोलतो, एनीडेस्क टाकायला सांगतो आणि संगणकाचा ताबा घेतो. येथे विचार करावा. आपल्या दुकानातील संगणकात शेजारपाजारच्या शेकडो माणसांची आधार कार्डे, पासबुके, निकाहनामे पडलेले असतात. ती आपल्यापाशी ठेवलेली अमानत आहे. प्रिंटर सुरू व्हावा म्हणून ती अनोळखी हातात देण्याचा आपल्याला हक्क नाही. असे घडलेच तर प्रथम इंटरनेट तोडावे, १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला कळवावे आणि दुसऱ्या फोनवरून बँकेचे पासवर्ड बदलावेत. 'एका बटणात सर्व ड्रायव्हर अपडेट' म्हणणारे प्रोग्रामही आमच्या मते दारात उभे करू नयेत. चांगला चालणारा ड्रायव्हर बदलण्याचे कारणच काय?

फाइल उतरल्यावर तिच्यावर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्स पाहावे. तेथे कंपनीचे नाव असल्यास ठीक. कंपनीच्या सेटअप फाइलवर सहीच नसेल तर ती चालवू नये. झिप फाइल असल्यास ती आधी पूर्ण उलगडावी. झिपच्या आतूनच सेटअप चालवल्यामुळे 'फाइल सापडत नाही' असे येते आणि माणूस उगाच दुसरी फाइल शोधत बसतो.

आता केबलचा प्रश्न. आपल्याकडील दुकानांत कॅनॉन एलबीपी २९०० आणि एचपी लेसरजेट १०२० ही जुनी घोडी अजून धावताना दिसतात. हे दोन्ही प्रिंटर स्वतः फारसा विचार करत नाहीत. पानाची मांडणी संगणक करतो, ते फक्त छापतात. एचपी १०२० ला तर सुरू होताना आपला आतला प्रोग्रामही ड्रायव्हरकडून घ्यावा लागतो. त्यामुळे यांना विंडोजचा सर्वसाधारण ड्रायव्हर चालत नाही, कंपनीचाच लागतो. तो बसवताना केबल काढून ठेवावी आणि सेटअप सांगेल तेव्हाच लावावी. आधीच लावली तर विंडोज अर्धवट ओळख करून बसते. मग जुना प्रिंटर यादीतून काढावा, प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमधील ड्रायव्हर्स या पानावरून त्याचा ड्रायव्हर पॅकेजसह काढावा, संगणक पुन्हा सुरू करावा आणि नव्याने बसवावे. नुसते चित्र पुसून ड्रायव्हर जात नाही, तो विंडोजच्या कोठारात पडून राहतो आणि पुन्हा तोच गळ्यात पडतो.

ड्रायव्हर ठीक असूनही छपाईची रांग अडली असेल, तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर थांबवावा, सिस्टम३२ च्या स्पूल फोल्डरमधील प्रिंटर्स या फोल्डरात अडकलेल्या फाइली पुसाव्यात आणि स्पूलर पुन्हा सुरू करावा.

एक प्रिंटर दोन संगणकांत वाटून घेणाऱ्यांना ०x०००००११बी ही त्रुटी ठाऊक असेल. विंडोजच्या छपाई व्यवस्थेत एक भगदाड सापडले होते. ते बुजवताना मायक्रोसॉफ्टने नियम कडक केले आणि सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर ही त्रुटी दिसू लागली. रजिस्ट्रीत एक आकडा बदलून ती घालवण्याची युक्ती सर्वत्र फिरते, पण त्याने बुजवलेले भगदाड पुन्हा उघडते. दोन्ही संगणक पूर्ण अपडेट करावेत आणि दुसऱ्या संगणकावरही कंपनीचा ड्रायव्हर अॅडमिन खात्यातून स्वतंत्रपणे बसवावा, हा मार्ग बरा. विंडोज सिक्युरिटीमधील 'मेमरी इंटिग्रिटी' जुन्या ड्रायव्हरला अडवते, तेव्हा ती बंद करण्याचा सल्लाही असाच. आधी नवा ड्रायव्हर आहे का ते पाहावे.

वजनकाटा, पावतीचा जुना प्रिंटर यांना जोडणाऱ्या यूएसबी-सिरीयल केबलची कथा निराळी आहे. उल्हासनगरच्या मालावरून 'मेड इन यूएसए'चा विनोद लोक अजून करतात, पण नकली चिपचा हा बाजार जगभरचा आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय या स्कॉटलंडच्या कंपनीचा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्याने नकली चिपचा पीआयडी शून्य करून टाकला. केबल विकत घेणाऱ्याचा काही गुन्हा नसताना त्याची केबल निकामी झाली. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. प्रोलिफिक कंपनीचे नवे ड्रायव्हरही जुन्या वा नकली पीएल२३०३ चिपला नाकारतात आणि कोड १० दाखवतात. येथे दहा वेळा ड्रायव्हर बसवून उपयोग नाही, केबलच बदलावी. विकणाऱ्याने ग्राहकाला चिपचे खरे नाव सांगूनच माल द्यावा.

ठसे घेणाऱ्या यंत्राला दोन गोष्टी लागतात : ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यंत्र बिनदोष दिसत असून पैसे निघत नसतील तर आरडी सर्व्हिस सुरू आहे का आणि तिची मुदत संपली आहे का ते पाहावे. मुदत संपली असेल तर ड्रायव्हर पुन्हा बसवून ती वाढत नाही.

प्रिंटर कंपन्यांचे नवे ड्रायव्हर विंडोज अपडेटमार्गे देणे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले आहे. बसवलेले ड्रायव्हर त्यामुळे बंद पडणार नाहीत, परंतु जुन्या प्रिंटरची सेटअप फाइल स्वतःजवळ असणे आता गरजेचे आहे. जुलै २०१९ च्या पुरात उल्हास नदीचे पाणी बदलापूर पश्चिमेच्या घरादुकानांत शिरले होते, तेव्हा ही फाइल फक्त दुकानातल्या संगणकावर ठेवून भागत नाही, एक प्रत घरी पेनड्राइव्हवर असावी. संगणक फॉरमॅट करण्यापूर्वी 'पीएनपीयुटिल' या आज्ञेच्या एक्स्पोर्ट सोयीने सर्व बाहेरचे ड्रायव्हर एका फोल्डरात काढून घेता येतात. नंतर डिव्हाइस मॅनेजरला तोच फोल्डर दाखवायचा. फॉरमॅटनंतर वायफायचाच ड्रायव्हर नसल्याने इंटरनेट मिळत नसेल, तर अँड्रॉइड मोबाईल केबलने जोडून त्यात यूएसबी टेदरिंग चालू करावे. बहुतेक वेळा त्यावरून इंटरनेट लगेच मिळते आणि बाकीचे ड्रायव्हर सेटिंग्जमधील विंडोज अपडेटच्या ऑप्शनल अपडेट्समध्ये येऊन थांबलेले दिसतात.