बर्फाच्या मुलुखात मुलांसोबत : तिकीट काढण्याआधी एक प्रश्न

हिवाळ्याच्या सुट्टीत मुलांना बर्फ दाखवायचा म्हटले की आपल्या घरांत गुलमर्ग आणि मनालीची नावे निघतात. ज्यांना परवडते अशी काही कुटुंबे त्याही पुढे जपानचा विचार करतात. जपानच्या चार मुख्य बेटांपैकी सर्वांत उत्तरेचे बेट म्हणजे होक्काइदो. आकाराने ते महाराष्ट्राच्या पाव भागाहून थोडे मोठे आहे. साप्पोरो हे तिथले मुख्य शहर. डिसेंबर ते मार्च हा सारा मुलूख बर्फाखाली असतो. लहान मुलांना घेऊन जाण्यासारखी ठिकाणे तिथे पुष्कळ आहेत. ती सगळीच सारखी नाहीत, म्हणून निवड करताना थोडा विचार हवा.

खेळ आणि घसरगुंड्या

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. रुसुत्सुसारख्या ठिकाणचे मोठे पाळणे आणि रोलर कोस्टर उन्हाळ्यात चालतात, हिवाळ्यात तिथे स्कीइंग असते. मुलांना रोलर कोस्टरचे वचन देऊन जानेवारीत गेलात, तर रडारड ठरलेली. हिवाळ्याची मजा वेगळी आहे. साप्पोरोजवळच्या ताकिनो उद्यानात रबरी ट्यूबमध्ये बसून सुमारे 200 मीटर घसरत खाली येता येते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला साप्पोरोचा हिम महोत्सव भरतो. 1950 साली शाळकरी विद्यार्थ्यांनी ओदोरी बागेत बर्फाच्या सहा मूर्ती केल्या, तिथून त्याची सुरुवात झाली. त्सुदोम या दुसऱ्या मैदानावर लहान मुलांसाठी बर्फाच्या घसरगुंड्या असतात.

बंद पडता पडता वाचलेले प्राणीसंग्रहालय

होक्काइदोतील सर्वांत नावाजलेले ठिकाण म्हणजे आसाहिकावा शहरातील आसाहियामा प्राणीसंग्रहालय. साप्पोरोहून रेल्वेने दीड तासाच्या आत आसाहिकावा आणि स्टेशनवरून बसने सुमारे 40 मिनिटे. हे शहर जपानमधील अतिथंड शहरांपैकी एक. 1902 च्या जानेवारीत इथे उणे 41 अंश तापमान नोंदले गेले होते.

हे प्राणीसंग्रहालय 1967 साली सुरू झाले. पुढे लोकांचा उत्साह ओसरला. 1994 मध्ये प्राण्यांमध्ये परजीवी रोग आढळल्याने हंगाम अर्ध्यावर सोडून ते बंद करावे लागले. 1996 मध्ये वर्षभरात जेमतेम 2 लाख 60 हजार लोक आले आणि ते कायमचे बंद करण्याच्या गोष्टी होऊ लागल्या.

तिथल्या कर्मचाऱ्यांनी मात्र एक वेगळा विचार केला होता. पिंजऱ्यात निपचित पडलेला प्राणी पाहून कोणाला आनंद होणार? पक्षी उडण्यासाठी आहे, सील पोहण्यासाठी आहे, वानर चढण्यासाठी आहे. प्राण्याला त्याच्या स्वभावाप्रमाणे वागता येईल अशी जागा द्यायची, म्हणजे लोक आपोआप पाहायला येतील. ही कल्पना त्यांनी कागदावर चित्रे काढून मांडून ठेवली होती. पैसा मिळू लागला तशी ती एकेक करून उभी राहिली.

2000 साली पेंग्विनचे घर झाले. त्यात पाण्याखालून काचेचा बोगदा आहे. जमिनीवर डुलत चालणारा पेंग्विन पाण्यात किती वेगाने झेपावतो, ते डोक्यावरून जाताना दिसते. सीलच्या घरात पारदर्शक खांब आहे, त्यातून सील सरळ वर आणि सरळ खाली पोहतात. ओरांगउटानसाठी 17 मीटर उंचीवर दोर बांधले आहेत. हिमअस्वलाच्या अंगणात जमिनीतून वर आलेला काचेचा घुमट आहे. मुलाने त्यात डोके घातले की बर्फातून सील डोकावावा तसे अस्वलाला वाटते. 2006 साली या लहान शहरात 30 लाखांहून अधिक लोक हे पाहायला आले.

हिवाळ्यात पेंग्विन रोज बाहेर फेरफटका मारतात. थंडीत त्यांची हालचाल कमी होते, म्हणून त्यांना सुमारे 500 मीटर चालवले जाते. त्यांना हाकत नाहीत. ज्याला यायचे तो येतो. बर्फावर एक रेघ आखलेली असते, माणसांनी तिच्यामागे उभे राहायचे. पुरेसा बर्फ नसेल तर फेरी होतच नाही.

लांडग्याचे रिकामे घर

याच ठिकाणी मुलांना समजावून सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. होक्काइदोचा स्वतःचा लांडगा होता. एकोणिसाव्या शतकात तिथे घोड्यांचे मोठे तबेले उभारले गेले. जनावरे वाचवण्यासाठी विष घालून लांडगे मारले आणि शतक संपण्याच्या सुमारास तो लांडगा पृथ्वीवरून नाहीसा झाला. पुढे हरणे वाढली आणि शेतांचे, जंगलांचे नुकसान करू लागली. प्राणीसंग्रहालयात आज परदेशी लांडगे आणि होक्काइदोची हरणे शेजारी ठेवून हाच इतिहास सांगितला जातो. सूरह रहमानमध्ये अल्लाहने ठेवलेल्या तराजूचा, संतुलनाचा उल्लेख आहे आणि त्यात बिघाड करू नका अशी ताकीद आहे. संतुलन बिघडले म्हणजे काय होते, ते इथे डोळ्यांनी दिसते.

दुसरी बाजू

नोबोरिबेत्सु येथे अस्वलांचे उद्यान आहे. 1958 पासून चालू आहे, रोपवेने वर जावे लागते. तिथली तपकिरी अस्वले पर्यटकांनी टाकलेल्या खाऊसाठी मागच्या पायांवर उभी राहून पंजे हलवतात. जवळच डेन्मार्कमधील एका किल्ल्याच्या धर्तीवर बांधलेले निक्स मत्स्यालय आहे. तिथे डॉल्फिन आणि समुद्रसिंहांचे खेळ होतात. मुले टाळ्या वाजवतात, हे खरेच. पण घरी परतताना त्यांच्या मनात काय उरते? अस्वल म्हणजे जंगलाचा ताकदवान रहिवासी, की बिस्किटासाठी हात पसरणारा?

दिव्य कुरआनने सूरह अनआममध्ये सांगितले आहे की जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हे आपल्यासारखेच समुदाय आहेत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या स्त्रीची गोष्ट सांगितली, जिने मांजर बांधून ठेवले, खाऊ घातले नाही, स्वतः शोधून खाऊही दिले नाही आणि ती शिक्षेस पात्र ठरली. तहानेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्याला अल्लाहने माफ केले, हेही त्यांनीच सांगितले. या हदीस आपण मुलांना घरी ऐकवतो. मग तिकिटाच्या खिडकीपाशी त्या विसरायच्या का?

आसाहियामाही शेवटी बंदिवासच आहे, कुंपण तिथेही आहे. हे मुलांपासून लपवू नये. आपल्या मुंबईच्या राणीच्या बागेत 2016 साली दक्षिण कोरियाहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले. त्यांतला एक त्याच वर्षी दगावला, तेव्हाही हाच प्रश्न उठला होता. म्हणून कुठल्याही दारात मुलांसोबत एवढेच विचारावे : हा प्राणी आपल्या स्वभावाप्रमाणे जगतो आहे, की आपल्या करमणुकीसाठी नाचतो आहे? आठ-दहा वर्षांच्या मुलाला याचे उत्तर बरोबर देता येते. कुठे जायचे ते त्यालाच ठरवू द्या.

नमाज आणि जेवण

डिसेंबरअखेर तिथे सूर्य चारच्या सुमारास मावळतो. जुहर, असर आणि मगरिब अगदी जवळजवळ येतात. आसाहियामा हिवाळ्यात साडेदहाला उघडते आणि साडेतीनला बंद होते, त्यामुळे जुहर आणि असरची वेळ तिथेच होते. एक जाड चटई आणि दिशादर्शक सोबत ठेवा. किबला पश्चिमेपासून थोडा उत्तरेकडे येतो. वुजू करून चामडी मोजे घातले असतील तर प्रवाशाला तीन दिवस-रात्र त्यांवर मसह करता येतो. उणे तापमानात ही सवलत किती मोठी आहे, ते तिथे कळते. कसर आणि नमाज एकत्र करण्याबाबत हनफी आणि कोकणातील शाफई बांधवांचे नियम वेगळे आहेत, तेव्हा निघण्यापूर्वी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे. साप्पोरोत होक्काइदो विद्यापीठाजवळ मशीद आहे.

जेवणात सावध राहावे. रामेनचा रस्सा बहुधा डुकराच्या हाडांचा असतो. मासळीच्या पदार्थांतही मिरीन नावाची गोड दारू पडते. होक्काइदोचे प्रसिद्ध मेंढीचे मांस हलाल असेलच असे नाही. घरून खिमा किंवा सुके मटण नेऊ नका, जपानमध्ये मांसाचे पदार्थ आणण्यावर कडक बंदी आहे. खजूर, सुकामेवा, चटण्या, डाळ-तांदूळ न्या आणि चूल असलेली खोली घ्या.

मुलांना लोकरीच्या दोन थरांवर वारा अडवणारे जाकीट आणि खाच असलेल्या तळव्यांचे बूट हवेत. आपले नेहमीचे बूट बर्फावर घसरतात.

एवढा खर्च सगळ्यांना झेपत नाही आणि त्यात कमीपणा नाही. हाच प्रश्न राणीच्या बागेतही विचारता येतो, गावच्या ओढ्याकाठी बगळा पाहतानाही. अल्लाहने आपल्याला पृथ्वीवर फिरून त्याची निर्मिती पाहायला सांगितले आहे. मुलांना ती दाखवताना तिच्याबद्दलची दयाही त्यांच्या मनात रुजावी, हीच दुआ.