पेटीचे पाय कोणी कापले?

अंबाजोगाई तालुक्यातील एका गावच्या सप्त्यात आम्ही एक जुनी पेटी पाहिली. अंगावर परदेशी कारखान्याचे पुसट नाव होते. तिचे चारी पाय बुडापासून कापलेले, पायट्यांची जागा फळीने बुजविलेली, आणि पाठीला हाताचा भाता बसविलेला. शहरातून आलेले एक गृहस्थ हळहळून म्हणाले, “एवढी मोलाची वस्तू, आणि काय हा अडाणीपणा!”

आम्हांला तो शब्द लागला. आमचे आयुष्य ऊसतोड कामगारांत गेले. नवा कोयता हाती आला की मजूर प्रथम त्याच्या मुठीला चिंध्या गुंडाळतो. कोणी मूठ तासून बारीक करतो. त्याला कोणी अडाणी म्हणत नाही, कारण फोड कोणाच्या तळव्याला येतात हे सर्वांना ठाऊक असते. मग वादकाच्या हत्याराला निराळा न्याय का?

मुळात ही पेटी आली पॅरिसहून. अलेक्झांद्र दबँ याने 1842 साली तिचे पेटंट घेतले. तो वादक खुर्चीवर बसे, पायाने वारा भरी आणि दोन्ही हातांनी अनेक सूर एकदम वाजवी. त्यांच्या संगीताला तेच हवे होते. आमचा गायक बसतो सतरंजीवर. त्याच्या शेजारी खुर्ची टाकून पेटीवाला बसला, तर दोघांची नजरानजर व्हायची कशी? शिवाय आमचे गाणे एका सुराच्या मागे दुसरा असे चालते. त्याला एक हात पुरतो, दुसरा भात्याला मोकळा राहतो. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हातपेटीचा घाट रूढ केला. म्हणजे पाय कापणे ही मोडतोड नव्हे. बैठक बदलली, म्हणून अंग बदलले.

कोणी विचारील, मग नवी पेटी का घेत नाहीत? याचे उत्तर आतल्या पितळी जिभांत आहे. त्यांनाच पेटीवाले ‘सूर’ म्हणतात. वारा आला की जीभ थरथरते आणि नाद निघतो. जुन्या जर्मन आणि पॅरिसच्या सुरांचा गोडवा जाणकार आजही शोधत फिरतात. तेव्हा सूर जुने ठेवायचे आणि खोके आपल्या सोयीचे करायचे, हाच व्यवहार. कोणी प्रवासासाठी मिटणारे खोके करून घेतो. कोणी पट्ट्या सरकविण्याची सोय करतो, म्हणजे काळी एकचा गायक उठून काळी पाचची गायिका बसली तरी बोटांची सवय मोडत नाही. ही सोय वजन वाढविते, आणि वारा गळतो म्हणून काही जुने वादक तिला हातही लावीत नाहीत.

खरे भांडण मात्र सुरांचेच. पेटीवर सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. दोन लगतच्या पट्ट्यांतील अंतराचे शंभर भाग कल्पिले, तर पेटीचा गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 भाग चढा असतो. मींड तर पेटीला येतच नाही. अशाच आक्षेपांवरून आकाशवाणीने 1940 साली पेटी बंद केली. ती बंदी 1971 साली सैल झाली. तिकडे ही बंदी चालू असतानाच जालन्याकडचे अप्पा जळगावकर याच वाद्यावर हात बसवीत होते, हे आम्हा मराठवाड्याच्या लोकांना विसरता येत नाही.

पेटीत बाविस श्रुती बसविण्याचा उद्योगही जुना आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या साहाय्याने श्रुती मोजल्या आणि तशी पेटी घडविण्याचा प्रयत्न केला. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी खुंट्या ओढून श्रुती बदलणारी पेटी सिद्ध केली. पं. मनोहर चिमोटे यांनी पेटीलाच स्वरमंडळाच्या तारा जोडल्या आणि तिला ‘संवादिनी’ म्हटले.

ही खोड केवळ आमची नाही. अमेरिकेत लिओ फेंडर याने 1951 साली विजेवर वाजणारी बास गिटार बाजारात आणली. तिच्या जुन्या, आता फार महाग झालेल्या नगांचे लाकूड कोरून कोणी नवे यंत्र बसवितात, कोणी खांद्यावरचा भार कमी करतात. तेथेही संग्राहक हळहळतात.

त्या हळहळीत एक गोष्ट मात्र खरी आहे. सूर चढवायचा तर जिभेचे टोक घासतात, उतरवायचा तर बुडाकडे घासतात. घासलेले पितळ परत येत नाही. खोके पुन्हा करता येते. बिघडलेला जुना सूर दुसरा मिळत नाही. म्हणून खोक्यावर करवत चालविणाऱ्याला आम्ही काही म्हणणार नाही, पण कानस हाती घेणाऱ्याला शंभरदा विचारू.

त्या गावच्या पेटीवाल्याला आम्ही हेच विचारले. तो म्हणाला, “दादा, सुरांना मी हात लावत नाही, फक्त धूळ झटकतो.” पायांचे काय केले, असे विचारताच त्याने पेटी जराशी उचलून दाखविली. खाली एक बुटका पाट होता, त्याच पायांच्या लाकडाचा.