हुगळी नदी आणि कोलकाता बंदर : गोदी व नौवहनाचा इतिहास

प्रस्तावना

भारतातील बहुतेक मोठी बंदरे समुद्रकिनाऱ्यावर किंवा खाडीच्या मुखाशी वसली आहेत. कोलकाता बंदर याला अपवाद आहे. प्रमुख बंदरांपैकी नदीवर वसलेले हे एकमेव बंदर समुद्रापासून सुमारे २०० कि.मी. आत, हुगळीच्या काठावर आहे. या बंदराच्या इतिहासाकडे सामान्यतः ब्रिटिश व्यापाराचा इतिहास म्हणून पाहिले जाते. तथापि त्यातील मध्यवर्ती प्रश्न व्यापाराचा नसून नदीच्या खोलीचा आहे. गोदी कोठेही बांधता येते. परंतु गोदीपर्यंत कोणते जहाज पोहोचेल, हे नदीच ठरवते. प्रस्तुत लेखात या दृष्टिकोनातून कोलकाता बंदराच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

नदीचे स्वरूप

हुगळी म्हणजे गंगेच्या भागीरथी या फाट्याचा खालचा प्रवाह होय. मध्ययुगाच्या उत्तरार्धात गंगेचा मुख्य प्रवाह क्रमशः पूर्वेकडे, पद्मेकडे वळला. परिणामी भागीरथीच्या मुखाशी गाळ साचून उन्हाळ्यात तिला गंगेचे पाणी जवळजवळ मिळेनासे झाले. समुद्राची भरती नदीत थोड्या वेळात व जोराने शिरते, तर ओहोटी दीर्घकाळ व मंद गतीने उतरते. त्यामुळे भरतीबरोबर आलेला गाळ ओहोटीबरोबर पूर्णपणे परत जात नाही. तो वाहून नेण्यासाठी वरून येणाऱ्या गोड्या पाण्याचा रेटा आवश्यक असतो आणि नेमका तोच कमी होत गेला.

याचा पहिला बळी कोलकाता नव्हते. सरस्वती नदीवरील सप्तग्राम हे बंगालचे समृद्ध बंदर सोळाव्या शतकात गाळामुळेच ओस पडले आणि व्यापार हुगळी येथे सरकला. १६९० मध्ये जॉब चार्नॉक याने सुतानुटी येथे ईस्ट इंडिया कंपनीचे ठाणे वसवले, तेव्हाही नदीतील मार्ग धोक्याचाच होता. दामोदर व रूपनारायण या नद्यांच्या संगमांजवळील वाळूच्या दांड्याला 'जेम्स अँड मेरी' हे नाव १६९४ मध्ये तेथे फुटलेल्या जहाजावरून मिळाले आहे. त्यामुळे नदीची नस ओळखणारा पायलट हा या बंदराचा आरंभापासूनचा अपरिहार्य घटक ठरला.

धक्क्यापासून गोदीपर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बहुसंख्य जहाजे नदीच्या पात्रातच नांगरली जात आणि माल लहान होड्यांतून काठावर आणला जाई. ऑक्टोबर १८६४ च्या चक्रीवादळाने पात्रातील जहाजांची प्रचंड हानी केली. हुगळीला पर्याय म्हणून मातला नदीवर पोर्ट कॅनिंग उभारण्यात आले; परंतु १८६७ च्या वादळाने त्याचीही वाताहत केली. नवे बंदर फसल्याने जुन्याचीच नीट व्यवस्था लावणे भाग पडले. त्यानुसार १८७० मध्ये पोर्ट कमिशनर्सच्या मंडळाची स्थापना झाली.

१८९२ मध्ये खिदिरपूर गोदी सुरू झाली. लॉक गेटच्या साहाय्याने आतील पाणी अडवून धरणारी ही बंदिस्त गोदी होती. नदीत भरती असो वा ओहोटी, आतील जहाज एकाच पातळीवर राहून माल चढवू-उतरवू शकत असे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस किंग जॉर्ज गोदीची भर पडली. १९७३ मध्ये तिला नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव देण्यात आले. ताग, चहा व कोळसा ही निर्यातीची मुख्य द्रव्ये होती. बंगालचा कोळसा जलमार्गाने मुंबईकडेही जाई.

याच नदीमार्गाने माणसेही गेली. १८३४ पासून मॉरिशस, १८३८ मध्ये ब्रिटिश गयाना आणि १८७३ मध्ये सुरीनाम येथे करारबद्ध मजुरांना घेऊन जाणारी जहाजे कोलकात्याहून निघाली. त्यांपैकी अनेकांच्या दृष्टीने हुगळीचा काठ हे मायदेशाचे अखेरचे दर्शन ठरले.

फाळणी, हल्दिया आणि फराक्का

१९४७ च्या फाळणीने तागाच्या गिरण्या भारतात, तर तागाची बरीचशी शेते पूर्व पाकिस्तानात गेली. त्याच सुमारास जगभर जहाजांचा आकार वाढू लागला. बंदिस्त गोदीने धक्क्याशी पाण्याची पातळी राखली होती. परंतु तेथवर येणाऱ्या मार्गाची खोली वाढवणे तिच्या आवाक्याबाहेरचे होते.

यावर दोन उपाय योजण्यात आले. पहिला म्हणजे नदीच्या खालच्या अंगाला, हल्दी नदीच्या संगमाजवळ नवे गोदी संकुल. ते १९७७ मध्ये कार्यान्वित झाले. दुसरा उपाय अधिक महत्त्वाकांक्षी होता. आर्थर कॉटन यांनी एकोणिसाव्या शतकातच सुचवल्याप्रमाणे गंगेवर बंधारा बांधून भागीरथीला पाणी देण्याचे ठरले. १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाला. सुमारे ३८ कि.मी. लांबीच्या कालव्यातून ४०,००० क्युसेक पाणी वळवून गाळ धुऊन काढावा, अशी ही योजना होती.

अभियंते कपिल भट्टाचार्य यांनी या योजनेच्या परिणामांविषयी आधीच इशारा दिला होता. भागीरथीला बारमाही पाणी मिळाले व हुगळीची क्षारता घटली. मात्र गाळउपसा थांबला नाही. बंधाऱ्याच्या वर व खाली माल्दा आणि मुर्शिदाबाद जिल्ह्यांत काठ ढासळून गावे नदीत गेली. उन्हाळ्यातील पाण्यावरून बांगलादेशात तीव्र असंतोष निर्माण झाला. १९७६ मध्ये मौलाना भाशानी यांनी फराक्काविरोधी मोर्चा काढला. १९९६ मध्ये उभय देशांत ३० वर्षांचा पाणीवाटप करार झाला. २०१६ च्या पुरानंतर बिहारच्या मुख्यमंत्र्यांनी बंधारा हटवण्याची मागणी केली. एका बंदराच्या खोलीचा प्रश्न अशा रीतीने दोन राष्ट्रांचा व अनेक जिल्ह्यांचा प्रश्न बनला.

समारोप

सप्तग्रामहून हुगळी, हुगळीहून कोलकाता आणि कोलकात्याहून हल्दिया असा बंगालच्या बंदराचा प्रवास सातत्याने समुद्राच्या दिशेने झाला आहे. २०२० मध्ये बंदराला श्यामाप्रसाद मुखर्जी यांचे नाव देण्यात आले, तरी नदीशी असलेले त्याचे नाते तेच राहिले. अभियांत्रिकीने बंदराचे आयुष्य निश्चितच वाढवले. परंतु त्याची किंमत पुष्कळदा बंदरापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्यांनी चुकती केली. नदीवरील बंदराचा हिशेब म्हणूनच केवळ उतरवलेल्या मालाच्या टनांत मांडता येत नाही. त्यात संपूर्ण नदीखोऱ्याचा समावेश करावा लागतो.