सहरीला उठवणारे बडे अब्बा

बदलापूर गावातल्या आमच्या गल्लीत रमजानच्या महिन्यात पहाटे चारला पहिला दिवा बडे अब्बांच्या स्वयंपाकघरात लागतो. ते माझे थोरले चुलते. अंबरनाथच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षे पहिल्या पाळीला गेले, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही चारनंतर त्यांना झोप नाही. चहाचे आधण ठेवतात आणि काठी टेकत एकेक दार वाजवत निघतात. सहरी चुकली तर दिवसभराचा रोजा उपाशीपोटी काढावा लागतो. तीन-चार घरांचा भरवसा मोबाइलच्या गजरापेक्षा त्या काठीवर जास्त आहे.

बडे अब्बा स्वतः रोजा ठेवत नाहीत. नमाजही पढत नाहीत. अल्लाह आहे यावर त्यांचा विश्वास नाही आणि हे गल्लीत लहानथोरांना ठाऊक आहे.

रमजानच्या पानावर आपण रोज्याविषयी, जकातीविषयी, इफ्तारच्या दस्तरखानाविषयी वाचतो. मीही तेच लिहीत आले. पण श्रद्धावानांच्या घरात श्रद्धा नसलेला माणूसही तीस दिवस राहतो. त्याचे हे दिवस कसे जातात?

दुपारच्या जेवणापासून सुरुवात करू. घरात सगळ्यांचे रोजे. बडे अब्बांना साखरेचा आजार, त्यामुळे वेळेवर खावे लागते. तरुणपणी आजार नव्हता तेव्हाही ते खातच होते; आजाराचे निमित्त पुढे करायला त्यांना आवडत नाही. परके कोणी म्हणाले, "तबीयत की वजह से नहीं रखते ना?" तर ते शांतपणे सांगतात, "नाही, मानत नाही म्हणून ठेवत नाही." समोरचा माणूस ओशाळतो. बडी अम्मी त्याला पंख्याखाली बसवते. खरा वाद मात्र स्वयंपाकघरात होतो. बडे अब्बांचे म्हणणे, रोजेदार बाईने माझ्यासाठी चुलीपुढे उभे राहू नये, मी खिचडी टाकतो. बडी अम्मीचे म्हणणे, मी आहे तोवर तुम्ही कुकरला हात लावायचा नाही. एकोणपन्नास वर्षांच्या संसारात हा वाद मिटलेला नाही. शेवटी ती गरम भाकरी करते आणि ते मागच्या खोलीत, दार लोटून, मुलांना वास जाऊ नये अशा बेताने जेवतात. संध्याकाळी मात्र खजूर कापायला आणि सरबत ढवळायला तेच पुढे. मगरिबची अजान होईपर्यंत स्वतः पाण्याचा थेंब घेत नाहीत. का, असे मी एकदा विचारले. म्हणाले, "पंगतीत वाढप्याने आधी जेवायचं नसतं."

"इन्शाअल्लाह" म्हणायच्या जागी ते "बघू" म्हणतात. "खुदा हाफिज" मात्र म्हणतात. त्यांच्या मते तो शब्द आता धर्माचा राहिला नाही, भाषेचा झाला.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे शब्दांवर थोडे रेंगाळते. मराठीत नास्तिक म्हणजे 'नाही' म्हणणारा. उर्दूत त्याला 'मुन्किर' म्हणतात, म्हणजे नाकारणारा. आणखी एक जुना शब्द आहे, 'दहरिया'. 'दहर' म्हणजे काळ. काळापलीकडे काही नाही असे मानणारा तो दहरिया. बडे अब्बांना हा शब्द फार आवडतो. आणि 'काफिर'? गझलेत हा शब्द लाडाचा, प्रेयसीला उद्देशून येणारा. तिथे खिल्ली उडते ती शेखजींची. वर्गात मुले हसून दाद देतात. तोच शब्द एका ईदला कोणा पाहुण्याने बडे अब्बांना उद्देशून उच्चारला, तेव्हा बडी अम्मी जेवणाच्या ताटावरून उठून गेली होती.

ही अडचण काही एकट्या मुसलमानांची नाही. आमच्या कॉलेजातले एक सहकारी घरच्या सत्यनारायणाच्या पूजेला बसत नाहीत. गणपतीत मंडपाच्या खुर्च्या उचलतात, हिशेब चोख ठेवतात, आरतीच्या वेळी मागे उभे राहतात. लोक त्यांना देवमाणूस म्हणतात. आगरकरांनाही महाराष्ट्राने 'देव न मानणारा देवमाणूस' म्हणूनच आपलेसे केले. अर्थात ते गेल्यावर. हयातीत पुण्याने त्यांची प्रेतयात्रा काढली होती. आमच्या गल्लीतही म्हणतात, "नमाज नहीं पढते, मगर फरिश्ता आदमी हैं." यावर बडे अब्बा चिडतात. "नुसता माणूस म्हणायला काय होतं यांना?"

2011 च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक म्हणून नोंदवणारे देशभरात सुमारे 33 हजार निघाले, त्यांतले साडेनऊ हजारांवर महाराष्ट्रातले. सव्वाशे कोटींच्या देशात हा आकडा खरा मानायला मी तयार नाही. प्रगणक दारात येतो तेव्हा उत्तर घरातले जे कोणी पुढे असेल ते देते. आमच्या घरी बडी अम्मीने दिले होते. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की कोणालाही आपला धर्म सांगण्याची सक्ती सरकार करू शकत नाही, 'मला धर्म नाही' असे म्हणण्याचाही नागरिकाला हक्क आहे. बडे अब्बांनी ते कात्रण जपून ठेवले आहे. पण सरकारी अर्जाचा प्रश्न तसा सोपा. जिवंतपणी गल्लीही सांभाळून घेते. धर्माच्या बाबतीत सक्ती नको, हे तर आम्ही कुरआनच्याच आधाराने सांगतो. अवघड होते ते माणूस गेल्यावर.

हमीद दलवाईंचे उदाहरण महाराष्ट्रापुढे आहे. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस. 18 एप्रिल 1966 ला मुंबईत त्यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधिमंडळावर नेला, तोंडी तलाक बंद करा म्हणून. 22 मार्च 1970 ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. मूत्रपिंडाच्या आजाराने 3 मे 1977 ला ते गेले तेव्हा वय अवघे 44. माझे दफन नको, दहन करा, कोणताही धार्मिक विधी नको, असे त्यांनी लिहून ठेवले होते आणि मेहरुन्निसाबाईंनी ते पाळले. पुढे त्यांनी 'मी भरून पावले आहे' हे आत्मकथन लिहिले. त्यांची मातृभाषा उर्दू, पुस्तक मराठीत. दलवाईंचे विचार अनेकांना खटकत होतेच, पण आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात विचारांपेक्षा ते दहनच जास्त येई. विचार ज्याचे त्याचे असतात. मय्यत सगळ्या जमातीची असते. गुस्ल, कफन, जनाज्याची नमाज, मूठभर मिट्टी, हे मागे राहिलेल्यांचे कर्तव्य आहे. ते करू दिले नाही तर मागे राहिलेल्यांनी काय करायचे? आणि करू दिले, तर ज्याने आयुष्यभर 'नाही' म्हटले त्याचा शब्द कुठे गेला?

बडे अब्बा तेव्हा पंचविशीत होते, नुकतेच नोकरीला लागलेले. दलवाई गेल्याची बातमी त्यांनी कारखान्याच्या कँटीनमध्ये वाचली. गेल्या वर्षी त्यांनी देहदानाचा अर्ज आणला. मूलबाळ नाही, म्हणून जवळचे नातेवाईक या नात्याने सह्या दोघींच्या हव्यात, बडी अम्मीची आणि माझी. अर्ज भरला तरी वेळ आल्यावर नातेवाइकांनी देह मेडिकल कॉलेजला दिला नाही, तर कागद कागदच राहतो. त्यांना हे माहीत आहे. "म्हणूनच तुला विचारतोय," ते म्हणाले. "पुरुष माणसं मला खांद्यावर घेऊन मोकळी होतील. तू कायदा बोलशील."

मी श्रद्धावान आहे. तिसाच्या तीस रोजे ठेवते. अर्ज वर्षभर माझ्या कपाटात पडून आहे.

यंदा दहाव्या रोज्याला बडी अम्मीने तो मागितला. तिला उर्दू वाचता येते, अर्ज मराठीत. तरावीहनंतर तिने माझ्याकडून सगळा वाचून घेतला, अटींसकट. मग बडे अब्बांकडे न बघता म्हणाली, "यांना तिथे देऊन टाकलं, तर माझ्या कब्रीशेजारी कोण? आणि वर भेट तर त्यांच्या हिशेबात नाहीच."

बडे अब्बा बराच वेळ गप्प होते.

"आणि मी आधी गेले तर?" तिने विचारले. "कब्रस्तानात याल ना?"

"खांदा देईन. मिट्टी देईन," ते म्हणाले. "दुआ मागणार नाही. खोटं तुझ्याशी कधी बोललो नाही."

"दुआ मी माझी मागून ठेवलीय. तुमचीपण," ती म्हणाली आणि अर्ज घडी करून आपल्या जानमाजखाली ठेवला. सही केली नाही, फाडलाही नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला काठी आमच्या दारावर वाजली. मी उठून दार उघडले तेव्हा ते पुढच्या घरापाशी पोहोचले होते.