किरणांची मात्रा आणि पेशींचा हिशेब

किरणोपचाराची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. एक किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा मुरली की ती एक ग्रे. हे झाले भौतिकशास्त्राचे माप. त्या ऊर्जेने किती पेशी मेल्या आणि किती सावरल्या, हे त्यातून कळत नाही. उपचाराची आखणी करताना जीवशास्त्रीय मॉडेल लागतात ती याच प्रश्नासाठी.

त्यांतले सर्वांत वापरातले मॉडेल रेषीय-वर्गीय. काही पेशींची गुणसूत्रे एकाच घावात कायमची तुटतात. काही पेशी दोन घाव जवळजवळ बसले तरच मरतात. मध्ये वेळ मिळाला तर पहिला घाव भरून निघतो. या दोन प्रकारांचे प्रमाण अल्फा-बीटा गुणोत्तर सांगते. बहुतेक गाठींसाठी ते सुमारे १०, तर उशिरा परिणाम दाखवणाऱ्या निरोगी ऊतींसाठी सुमारे ३ धरतात. ६० ग्रे मात्रा २ ग्रेप्रमाणे ३० वेळा दिली, तर गाठीवरचा हिशेबी परिणाम ७२ येतो आणि निरोगी ऊतींवरचा १००. तेच ६० ग्रे २.५ ग्रेप्रमाणे २४ वेळा दिले, तर हे आकडे ७५ आणि ११० होतात. गाठीवरचा मारा जेमतेम वाढतो, निरोगी ऊतींची इजा मात्र त्याहून जास्त. रोज थोडीथोडी मात्रा देण्याचे कारण हेच. स्तनाच्या कर्करोगात गाठीचे गुणोत्तरच कमी आहे, त्यामुळे तिथे दर फेरीला मोठी मात्रा देऊन कमी फेऱ्यांत भागते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत १५ फेऱ्यांऐवजी एका आठवड्यात ५ फेऱ्यांत २६ ग्रे देऊनही पाच वर्षांपर्यंत आजार तितकाच आटोक्यात राहिला. चंदगड किंवा राधानगरीहून एसटीने येणाऱ्या बाईसाठी दहा हेलपाटे वाचणे ही लहान गोष्ट नाही.

दुसरा प्रश्न अवयवाच्या रचनेचा. मज्जारज्जू पाण्याच्या पाटासारखा असतो: एका जागी फुटला की खालचे सगळे रान कोरडे. तिथे सर्वांत जास्त मात्रा कुठे पडली, यालाच महत्त्व. लाळग्रंथी उसाच्या फडासारखी: दोन सऱ्या जळल्या तरी फड उभा राहतो. तिथे सरासरी मात्रा मोजतात आणि कानांजवळच्या दोन्ही कर्णमूळ लाळग्रंथींची सरासरी २५ ग्रेखाली ठेवण्याचा प्रयत्न करतात. आंद्झेय निएमिएर्को यांनी १९९७ मध्ये मांडलेली समतुल्य एकसमान मात्रेची कल्पना असमान पडलेल्या मात्रेला एका आकड्यात आणते. आखणीचे सॉफ्टवेअर ‘इतक्या भागाला इतके ग्रे’ एवढ्यावर न थांबता थेट गाठ आटोक्यात येण्याची आणि इजेची शक्यता तोलू शकते, ते अशा आकड्यांच्या बळावर.

अवयवनिहाय मात्रा तोलण्याचे मोल टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या चाचण्यांत दिसले. डोके-मानेच्या कर्करोगाच्या ६० रुग्णांवरील, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मध्यम किंवा अधिक तीव्र लाळ-त्रासाचे प्रमाण जुन्या त्रिमितीय पद्धतीत ८९ टक्के होते. लाळग्रंथी वाचवता येणाऱ्या तीव्रता-नियंत्रित पद्धतीत ते ५९ वर आले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार घेणाऱ्या ३०० स्त्रियांच्या चाचणीत, प्रतिमांच्या मदतीने दिलेल्या याच पद्धतीमुळे तीन वर्षांतील आतड्याचा मध्यम वा अधिक त्रास ४२.४ टक्क्यांवरून २१.१ टक्क्यांवर आला. आतड्याचा किती भाग किती मात्रेत सापडतो, यावर हा फरक ठरतो.

तरीही मॉडेलवर डोळे मिटून विसंबणे धोक्याचे. निरोगी अवयवांसाठी २०१० मध्ये संकलित झालेल्या मात्रेच्या मर्यादा मुख्यतः पाश्चात्त्य रुग्णांच्या नोंदींवर उभ्या आहेत. शिवाय समतुल्य आकडा चांगला दिसत असतानाही गाठीच्या कोपऱ्यात मात्रा कमी पडलेली असू शकते. म्हणून मात्रेचे नकाशे काप-काप पाहिल्याशिवाय आखणी मंजूर करू नये.

कोल्हापूरसारख्या भागात सर्वांत उपयोगी पडते ते मात्र सर्वांत साधे गणित: उपचारात पडणाऱ्या खंडाचे. गोकुळ शिरगाव किंवा मिरजेच्या कर्करोग रुग्णालयात ‘लाइट’ म्हणजे किरणोपचार घ्यायला येणारा रुग्ण सहा-सात आठवडे आठवड्याला पाच दिवस येत राहणे अपेक्षित असते. ऊसतोडणी, पैसे, पूर, सण, काहीही आडवे येते. तोंड आणि घशाच्या गाठींतील पेशी साधारण चौथ्या आठवड्यानंतर वेगाने वाढू लागतात आणि दिवसाला सुमारे ०.६ ग्रे मात्रा खाऊन टाकतात. पाच दिवस चुकले तर जवळजवळ ३ ग्रे वाया जातात. डेन्मार्कमधील मोठ्या चाचणीत एकूण मात्रा तीच ठेवून आठवड्याला पाचऐवजी सहा फेऱ्या दिल्या, तेव्हा पाच वर्षांनंतर आजार जागच्या जागी आटोक्यात राहण्याचे प्रमाण ६० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेले. म्हणून दिवाळीची सुट्टी मध्ये येणार असेल तर नुसत्या फेऱ्या पुढे ढकलणे पुरेसे नाही. शनिवारी मशीन चालू ठेवावे, नाहीतर किमान सहा तासांच्या अंतराने एका दिवसात दोन फेऱ्या द्याव्यात, आणि निरोगी ऊतींवरचा भार पुन्हा मोजून मगच नवे वेळापत्रक रुग्णाच्या हाती द्यावे.