गणेशपुरीचं हसरं कुंड

दुःख घेऊन देवाला गेलं की तोंड पाडूनच बसायचं, असं कुणी सांगितलं? भिवंडी तालुक्यातल्या गणेशपुरीत, भीमेश्वर मंदिराजवळच्या गरम पाण्याच्या कुंडांवर सकाळी जाऊन बघा. गुडघे धरलेली, कंबर आखडलेली माणसं पहिलं पाऊल पाण्यात टाकतात आणि 'आई गं!' करून मागे घेतात. आत बसलेले सराईत आजोबा हसतात, मग नवखाही हसतो. पाच मिनिटांत गळ्यापर्यंत पाणी आणि घरच्या कटकटींच्या गप्पा सुरू!

गाव नावारूपाला आलं ते भगवान नित्यानंद या संतांमुळे. केरळातल्या कान्हनगडहून ते 1930च्या दशकात या तानसा नदीकाठच्या जंगलात आले. प्रवचनं फारशी देत नसत. आसपासच्या आदिवासी पोरांना जेवू मात्र घालत. मला हीच त्यांची खरी शिकवण वाटते. 8 ऑगस्ट 1961ला त्यांनी इथेच देह ठेवला. समाधी मंदिरात आजही रीघ असते.

जवळच वज्रेश्वरी देवीचं देऊळ. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी तिला नवस बोलला, 1739ला किल्ला जिंकल्यावर हे देऊळ बांधून तो फेडला, असं सांगतात.

कुंडात बसून बरं वाटलं, तरी गुडघेदुखीचं औषध मात्र बंद करू नका. आणि जाताना टॉवेल न्या.